घोड्याचे केस, सरस आणि जवसाचं तेल : ३७० वर्षांपूर्वी गळाची काठी घरीच नीट करायला शिकवणाऱ्या आयझॅक वॉल्टनची गोष्ट

फिशिंग रॉडवरची रिंग निखळली तर आज फारसं टेन्शन नसतं. मोबाईल काढायचा, व्हिडिओ बघायचा आणि कामाला लागायचं.

नवी रिंग काठीवर टेकवायची. तिच्या पायावरून दोरा घट्ट, एकाला एक चिकटून गुंडाळत आणायचा. शेवटच्या सात-आठ वेढ्यांखाली दुसऱ्या दोऱ्याचा एक फास आधीच दाबून ठेवायचा. गुंडाळून झालं की मूळ दोऱ्याचं टोक त्या फासात ओवायचं आणि फास मागे ओढायचा. टोक वेढ्यांच्या खाली जाऊन अडकतं. गाठ मारायची गरजच नाही. वरून इपॉक्सीचा पातळ हात दिला की काठी पुन्हा नदीवर न्यायला तयार.

पण ज्या काळात इपॉक्सी नव्हतं, नायलॉनचा तंगूस नव्हता, बहुतेकांच्या काठीला रिंगही नव्हती आणि रीळ तर भल्याभल्यांनी पाहिलंही नव्हतं, त्या काळात लोक काय करत असतील?

तर त्या काळी लोक घोड्याच्या शेपटीचे केस उपटून आणायचे, सरस उकळायचे आणि जवसाच्या तेलात रंग घोटायचे. हे सगळं आज आपल्याला नेमकं माहिती आहे, कारण लंडनच्या एका कापड दुकानदाराने ते लिहून ठेवलं. त्याचं नाव आयझॅक वॉल्टन. त्याचं पुस्तक ‘द कम्प्लीट अँगलर’ १६५३ साली आलं आणि आजतागायत ते छापलं जातंय. इंग्रजीत सर्वाधिक वेळा छापल्या गेलेल्या पुस्तकांमध्ये त्याचं नाव घेतलं जातं.

वरवर बघितलं तर हे मासे कसे पकडावेत याचं पुस्तक आहे. पण ते लिहिणाऱ्या माणसाच्या आयुष्यात तोवर काय काय तुटलं होतं हे कळलं की त्यातल्या साध्या साध्या सूचनाही वेगळ्या वाटायला लागतात.

हार्डवेअरवाल्यांच्या संघातला कापडवाला

वॉल्टनचा जन्म १५९३ सालचा, इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड गावचा. तो जेमतेम तीन वर्षांचा असताना वडील गेले. आईने नंतर एका खाणावळवाल्याशी दुसरं लग्न केलं. घरची परिस्थिती अशी नव्हती की पोराला विद्यापीठात पाठवावं. त्यामुळे तो लंडनला गेला आणि बहिणीच्या नवऱ्याच्या हाताखाली कापडाच्या धंद्यात शिकाऊ म्हणून लागला.

त्या वेळी लंडन शहरात धंदा करायचा तर एखाद्या व्यापारी संघाचं सदस्य व्हावं लागायचं. १६१८ मध्ये वॉल्टनला असं सदस्यत्व मिळालं, ते आयर्नमाँगर्स कंपनीचं. आयर्नमाँगर म्हणजे लोखंडी सामान विकणारा. खिळे, कड्या, बिजागऱ्या, कुलपं हा त्यांचा माल. आपल्याकडे ज्याला सरळ हार्डवेअरवाला म्हणतात तोच.

गंमत अशी, की संघ हार्डवेअरवाल्यांचा, पण हा गडी विकायचा कापड. लंडनमध्ये तेव्हा हे चालून जायचं. एकदा संघाचा माणूस झालात की धंदा कोणता करताय हे फार कोणी विचारत नसे.

त्याचं दुकान फ्लीट स्ट्रीट आणि चान्सरी लेनच्या भागात होतं. जवळच सेंट डन्स्टन चर्च. तिथला धर्मगुरू होता जॉन डन, इंग्रजीतला फार मोठा कवी. कॉलेजचं तोंडही न बघितलेला कापडवाला आणि देशभर गाजलेला विद्वान कवी यांची मैत्री जमली. डनमुळे इतर विद्वान ओळखीचे झाले. त्यातला एक सर हेन्री वॉटन, निवृत्त राजदूत आणि ईटन शाळेचा प्रमुख. त्यालाही गळ टाकून बसायचा नाद. मग काय, दोघं मिळून नदीवर जायला लागले.

डन १६३१ मध्ये गेला. त्याचं चरित्र वॉटन लिहिणार होता आणि वॉल्टन त्याच्यासाठी माहिती गोळा करत होता. पण १६३९ च्या डिसेंबरात वॉटनही गेला. चरित्र तसंच राहिलं. शेवटी वॉल्टननेच ते लिहून काढलं आणि १६४० मध्ये ते छापून आलं. दुसऱ्याचं अर्धवट राहिलेलं काम हातात घेऊन पुरं करणं, ही त्याच्या लेखनाची सुरुवात.

सात मुलं, आणि एकही उरलं नाही

१६२६ च्या डिसेंबरमध्ये वॉल्टनचं लग्न झालं होतं, रेचल फ्लाउडशी. दोघांना सात मुलं झाली. सातही लहानपणीच गेली. त्या काळात लंडनमध्ये बालमृत्यू ही रोजची गोष्ट होती हे खरं, पण सातातलं एकही न उरणं हे तेव्हाही मोठंच दुःख होतं. १६४० मध्ये रेचलही गेली. डनचं चरित्र छापून आलं ते याच वर्षी.

वॉल्टन सत्तेचाळिशीत होता आणि घर रिकामं झालं होतं.

पुढच्या दोन वर्षांत देशही फुटला. १६४२ मध्ये राजा पहिला चार्ल्स आणि संसद यांच्यात यादवी सुरू झाली. वॉल्टन राजाच्या बाजूचा, जुन्या चर्चचा माणूस. त्याची बाजू हरली. १६४९ मध्ये राजाचं मुंडकं उडवण्यात आलं. बिशपांची पदं काढून घेतली, जुनी प्रार्थनेची पोथी बंद झाली. वॉल्टनचे बहुतेक मित्र धर्मगुरू. त्यांची घरं गेली, नोकऱ्या गेल्या. कोणी परदेशात पळालं, कोणी खेड्यात तोंड लपवून राहिलं.

या धामधुमीतच वॉल्टनने दुसरं लग्न केलं, ॲन केनशी. १६४८ मध्ये मुलगी झाली, ती जगली. त्यानंतर झालेला मुलगा काही महिन्यांतच गेला. १६५१ मध्ये आणखी एक मुलगा झाला, आणि तोही जगला.

राजाचा दागिना खिशात घेऊन

त्याच १६५१ सालचा किस्सा तर एखाद्या सिनेमात शोभेल असा आहे.

३ सप्टेंबरला वूस्टरच्या लढाईत क्रॉमवेलच्या फौजेने तरुण राजपुत्राच्या, म्हणजे पुढच्या दुसऱ्या चार्ल्सच्या सैन्याचा धुव्वा उडवला. राजपुत्र वेश बदलून पळाला. त्याचा एक हिरेजडित दागिना, राजघराण्याच्या सरदारकीचं मानचिन्ह, कर्नल ब्लेग नावाच्या अधिकाऱ्याकडे होता. ब्लेगने तो स्टॅफर्डशायरमधल्या एका घरात लपवला आणि नंतर स्वतः पकडला गेला. त्याची रवानगी टॉवर ऑफ लंडनमध्ये झाली.

दागिना एका हातातून दुसऱ्या हातात जात वॉल्टनकडे पोचला. तो याच भागातला, वय ५८, दिसायला साधा दुकानदार. त्याच्यावर कोण संशय घेणार? त्याने तो दागिना लंडनपर्यंत नेला आणि थेट कैदेतल्या ब्लेगच्या हाती पोचवला. पुढे ब्लेग टॉवरमधून निसटला आणि दागिना परदेशात राजपुत्राकडे परत गेला.

सापडला असता तर वॉल्टनचं काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको.

या घटनेनंतर दोनच वर्षांनी, १६५३ मध्ये, हाच माणूस मासे पकडण्यावर पुस्तक घेऊन आला. किंमत १८ पेन्स. विकायला ठेवलं ते त्याच सेंट डन्स्टन चर्चच्या आवारात. लेखक साठीला टेकलेला. पुस्तकात लढाई नाही, राजा नाही, तक्रार नाही. मे महिन्यातली सकाळ आहे, लंडनच्या उत्तरेची ली नदी आहे, वाटेत भेटलेले प्रवासी आहेत. एक मासेमार आपल्या शिष्याला शिकवतोय. पाऊस आला तर ते झाडाखाली थांबतात, संध्याकाळी खाणावळीत मासा शिजवून खातात.

ज्यांचं सगळं गेलं होतं त्यांना हे पुस्तक काय वाटलं असेल याची कल्पना येते. नदीवर जायला कोणाची परवानगी लागत नव्हती. तिथे चार मित्र बसू शकत होते.

एक केस तुटला की सगळी दोरी गेली

आता येऊ मूळ मुद्द्यावर. काठी आणि दोरी.

त्या काळात गळाची दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची असायची. केस एकत्र वळून वीतभर-हातभर लांबीचे तुकडे करायचे आणि ते एकमेकांना गाठीने जोडत जायचे. काठीकडच्या बाजूला जास्त केस, गळाकडे कमी. काही निष्णात लोक शेवटी फक्त एका केसावर मासा खेळवायचे.

दोरी कशी करावी हे वॉल्टनने पुस्तकाच्या वाढीव आवृत्तीतल्या २१ व्या, म्हणजे शेवटच्या प्रकरणात सांगितलं आहे. त्याचा सार असा :

केस निवडताना गोल, स्वच्छ, काचेसारखा झाक असलेला घ्या. खरबरीत, कुठे चिरलेला, कुठे फुगलेला नको. एक चांगला केस तीन वाईट केसांची ताकद देतो. काळे केस बहुधा गोल निघतात, पांढरे बरेचदा चपटे आणि असमान.

वळण्याआधी केस धुवून घ्या.

एका तुकड्यात घातलेले सगळे केस सारख्या जाडीचे हवेत. हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. सारख्या जाडीचे केस ताण आला की एकत्र ताणले जातात. कमी-जास्त जाडीचे असतील तर भार सारखा वाटला जात नाही. एक एक करून तुटत जातात आणि ज्याने त्या दोरीवर भरवसा ठेवला त्याला ऐन वेळी दगा देतात.

वळून झालेले तुकडे निदान पाव तास पाण्यात ठेवा, मग पुन्हा एकदा वळा आणि मगच जोडा. हे केलं नाही तर पहिल्यांदा पाण्यात गेल्यावर एखाद-दुसरा केस आखडतो, बाकीच्यांपेक्षा आखूड होतो आणि सगळा ताण त्याच्यावर येतो.

दोरखंड वळणाऱ्या कुणालाही हे पटेल. स्टीलच्या केबलपर्यंत सगळीकडे तत्त्व हेच आहे. भार सगळ्यांनी सारखा उचलला तरच दोरी टिकते.

मग रंगाचं. पांढरी दोरी माशाला दिसू नये म्हणून ती पाण्याच्या रंगाची करायची. त्याची कृती अशी : बार्लीची कडक दारू साधारण अर्धा लिटर, पाव किलोच्या आसपास काजळी, थोडा अक्रोडाच्या पानांचा रस आणि तेवढीच तुरटी. मडक्यात घालून अर्धा तास उकळायचं. गार झालं की केस त्यात भिजत टाकायचे. हिरवट, काचेसारखा रंग येतो. जितका वेळ ठेवाल तितका गडद.

काठीला तीन हात

काठी लाकडाची. पाण्याने फुगायची, उन्हाने तडकायची, किडायची. तिला वाचवायचं तर रंग हवा. आणि इथे वॉल्टनची कृती वाचताना एखादा जुना सुतार बोलतोय असं वाटतं.

आधी सरस पाण्यात उकळून पूर्ण विरघळवायचा. तो गरम असतानाच ब्रशने काठीवर ओढायचा. याने लाकडाची छिद्रं भरतात, वरचा रंग आत शोषला जात नाही.

सरस पूर्ण वाळला की सफेदा, त्यात थोडा शेंदूर, थोडी कोळशाची काळी पूड, असं मिसळून राखाडी रंग करायचा. तो जवसाच्या तेलात घोटायचा. रंग घट्ट ठेवायचा, पण लावायचा मात्र पातळ. हा झाला अस्तराचा हात.

त्यावर हिरवा. त्यासाठी पिवळा रंग आणि जंगाल, म्हणजे तांब्यावर चढणारा हिरवा थर, हे तेलात अगदी बारीक घोटून पातळ लावायचं. बहुतेक वेळा एकच हात पुरतो. दुसरा द्यायचाच असेल तर पहिला कडकडीत वाळल्याशिवाय हात लावायचा नाही.

आज हे घरी करून बघायला जाऊ नका. सफेदा आणि शेंदूर दोन्हीत शिसं असतं आणि ते विषारी आहे. पण क्रम बघा. आधी लाकूड बंद करा, मग अस्तर, मग रंग आणि प्रत्येक थर वाळू द्या. आजचा कोणताही पेंटर हेच सांगेल. रॉडवर इपॉक्सी लावणाराही हेच सांगतो. लाकडाच्या जागी कार्बन फायबर आलं, पण घाई करणाऱ्याचा रंग तेव्हाही निघायचा आणि आजही निघतो.

तारेची एक कडी आणि एक चाक

वॉल्टनच्या काळातल्या बहुतेक काठ्यांना रीळ नसायचं. दोरी काठीच्या टोकालाच बांधलेली. म्हणजे दोरी किती लांब जाणार हे आधीच ठरलेलं. मोठा मासा लागला आणि जोरात पळाला तर दोरी तुटणार.

यावर वॉल्टनचा उपाय ऐकला तर हसू येईल. तो सरळ काठीच पाण्यात सोडून द्यायचा. मासा काठी ओढत फिरतो, दमतो आणि मग काठी परत धरायची.

पण त्याच सुमारास काही लोकांनी यावर जुगाड काढला होता. १६५१ मध्ये थॉमस बार्कर नावाच्या स्वयंपाक्याने मासेमारीवर एक छोटं पुस्तक काढलं होतं. त्यात एका माणसाच्या काठीला बुडापासून दोनेक फुटांवर भोक पाडून बसवलेल्या फिरत्या रिळाचा उल्लेख आहे. दोरी हवी तेव्हा सोडायची, हवी तेव्हा गुंडाळायची.

वॉल्टनने आपल्या पुस्तकाच्या १६५५ च्या दुसऱ्या आवृत्तीत सामन माशाबद्दल लिहिताना हीच गोष्ट घेतली. काही जण काठीच्या टोकाला तारेची कडी बसवतात, दोरी त्यातून मोकळी पळते आणि काठीच्या मध्यावर किंवा हाताजवळ एक चाक लावतात, असं त्याने सांगितलं. आजच्या प्रत्येक रॉडवर दिसणारी टोकाची रिंग आणि रीळ, हे दोन्ही तिथे आहेत. काठी तीच, फक्त दोन लहान वस्तूंची भर. पण त्यामुळे काठीपेक्षा कितीतरी लांब पळणारा मासाही हातात राहायला लागला.

ते चाक नेमकं कसं असतं? इथे वॉल्टनने प्रामाणिकपणे हात वर केले. शब्दांत सांगून कळणार नाही, एखाद्याकडे जाऊन प्रत्यक्ष बघा, असा त्याचा सल्ला. पुस्तकाच्या सुरुवातीलाही त्याने मान्य केलंय, की नुसतं वाचून कोणी मासेमार होत नाही. तलवारबाजी पुस्तकातून शिकवायला निघालेल्या एका लेखकाचं लोकांनी कसं हसं केलं, हे त्याला माहिती होतं.

बारा तुकड्यांची एक काठी

वॉल्टनला एक तरुण मित्र होता, चार्ल्स कॉटन. वॉल्टनपेक्षा तब्बल ३७ वर्षांनी लहान. जमीनदार, कवी, खर्चिक आणि कायम कर्जात बुडालेला. स्वभाव अगदी उलट, पण नाद एकच. दोघांचं इतकं जमलं की कॉटन स्वतःला त्याचा मुलगाच म्हणवायचा. १६७४ मध्ये त्याने डव्ह नदीकाठी दगडी मासेमारीचं घर बांधलं आणि दारावर दोघांच्या नावांची आद्याक्षरं एकमेकांत गुंफून कोरून घेतली. ते घर आजही उभं आहे.

वॉल्टनला एक उणीव माहिती होती. कृत्रिम माशी वापरून ट्राउट मासा धरण्यात तो तितका तरबेज नव्हता. त्याबद्दलची बरीच माहिती त्याने बार्करकडून घेतली होती आणि तसं सांगितलंही होतं. कॉटन मात्र या कामात उस्ताद. १६७६ मध्ये पुस्तकाची पाचवी आवृत्ती निघणार होती. कॉटनने जेमतेम दहा दिवसांत दुसरा भाग लिहून दिला. वॉल्टन तेव्हा ८२ वर्षांचा होता.

कॉटनच्या भागात यॉर्कशायरमध्ये बनणाऱ्या काठ्यांचं वर्णन आहे. एकेक काठी सहा, आठ, दहा, बारा तुकड्यांची. तुकडे एकमेकांना बेमालूम जोडून दोऱ्याने बांधलेले. खाली साधा बारीक दोरा, वर टोकाकडे रेशीम. हाताजवळचे दोन-तीन तुकडे हलक्या फर लाकडाचे, पुढचे दुसऱ्या लाकडाचे. पाच-सहा यार्ड, म्हणजे साधारण १५ ते १८ फुटांची काठी, पण तुकडे असे जुळलेले की ती छडीसारखी एका लयीत वाकायची आणि एका हाताने पेलायची.

हंगाम संपला की दोरे सोडायचे, तुकडे वेगळे करायचे आणि कोरड्या जागी ठेवायचे. पुढच्या वर्षी पुन्हा तसेच बांधायचे. काठी नव्यासारखी सरळ. आणि ती वर्षानुवर्षं टिकवायची असेल तर वॉल्टनने सांगितलेल्या पद्धतीने तेल-रंग लावायचा.

म्हातारा शिकवतो रंग कसा लावायचा, तरुण सांगतो काठी कशी जोडायची आणि दोन्ही मिळून एक काठी टिकते.

पुस्तकही असंच जोडलेलं

वॉल्टनने आपलं पुस्तकही असंच जपलं. पहिल्या आवृत्तीत १३ प्रकरणं होती, दोनच वर्षांत ती २१ झाली. पात्रं बदलली, माहिती वाढली, चुका काढल्या. त्याच्या हयातीत १६५३ ते १६७६ या २३ वर्षांत पाच आवृत्त्या निघाल्या आणि त्यात तो सतत काही ना काही दुरुस्त करत राहिला.

यात एक वादही आहे. १९५० च्या दशकात १५७७ सालच्या एका मासेमारीच्या पुस्तकाची एकमेव प्रत उजेडात आली. त्यातही मासेमार आणि प्रवासी यांचा संवाद आणि वॉल्टनच्या मजकुराशी जुळणारे अनेक तपशील. वॉल्टनने त्याचं नाव कुठेच घेतलेलं नाही. आजच्या भाषेत थेट कॉपीचा आरोप. त्या काळात असं उचलणं सर्रास चालायचं, पण बार्करचं नाव घेणाऱ्या माणसाने हे नाव का गाळलं, हा प्रश्न राहतोच.

१६६० मध्ये राजेशाही परत आली. लपून राहिलेले मित्र बाहेर आले, काही बिशप झाले. पण १६६२ मध्ये दुसरी बायको ॲनही गेली. तिच्या समाधीवरचा मजकूर वॉल्टननेच लिहिला. पुढची वर्षं त्याने बहुतेक विंचेस्टरचा बिशप असलेल्या आपल्या मित्राच्या, जॉर्ज मॉर्लीच्या आसऱ्याने काढली. आणखी चरित्रं लिहिली. शेवटचं चरित्र बिशप सँडरसनचं, १६७८ मध्ये आलं. वाईट दिवसांत हा सँडरसन त्याला लंडनच्या रस्त्यात अचानक भेटला होता. पाऊस आला म्हणून दोघं एका घरात शिरले आणि ब्रेड, चीज, दारू आणि शेकोटीसमोर तासभर बोलत बसले. वॉल्टनने ती भेट २० पेक्षा जास्त वर्षं लक्षात ठेवली आणि चरित्रात लिहिली.

कोळसा जानेवारीत द्या

१६८३ मध्ये, वयाच्या नव्वदीत, वॉल्टनने मृत्युपत्र केलं. त्याची स्टॅफर्डशायरमध्ये एक लहानशी शेती होती. मुलाने लग्न केलं नाही तर ती स्टॅफर्ड गावाला जावी अशी तजवीज त्याने केली. उत्पन्नातून दरवर्षी दोन गरीब मुलांना धंदा शिकायला पाठवायचं. काम करून जगणाऱ्या एका मुलीच्या लग्नाला मदत करायची. उरलेल्या पैशांतून गरिबांना कोळसा वाटायचा.

कोळसा कधी वाटायचा हेही त्याने सांगून ठेवलं. जानेवारीच्या शेवटच्या किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, कारण गरिबांना ते दिवस सगळ्यात कठीण जातात. दोरीचे तुकडे पाव तास भिजवा म्हणणारा माणूस इथेही तितकाच काटेकोर होता.

मृत्युपत्रावर त्याने मोहोर उमटवली ती जॉन डनने ५० वर्षांपूर्वी दिलेल्या अंगठीची. मुलगा अविवाहित राहिला आणि शेती खरोखरच गावाकडे गेली. वडिलांविना वाढलेल्या त्या पोराच्या गावात, त्याच्या पैशातून, दुसरी पोरं धंदा शिकली.

१५ डिसेंबर १६८३ ला विंचेस्टरमध्ये, मुलीच्या घरी वॉल्टनने डोळे मिटले. त्याच हिवाळ्यात इतकी थंडी पडली की लंडनची थेम्स नदी गोठली. विंचेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये त्याला पुरलं आहे. १९१४ मध्ये इंग्लंड-अमेरिकेतल्या मासेमारांनी मिळून तिथे त्याच्या नावाची रंगीत काचेची खिडकी बसवली. १९२२ मध्ये शिकागोत नद्या आणि जंगलं वाचवण्यासाठी जी संस्था निघाली, तिलाही नाव दिलं आयझॅक वॉल्टन लीग.

वॉल्टनची रंगाची कृती आज कोणी वापरत नाही. घोड्याच्या केसाची दोरीही हौसेपुरती उरली. पण रॉडची रिंग निखळली की दोरा आजही तसाच गुंडाळावा लागतो, सारख्या ताणाने, एकाला एक चिकटून, आणि वरचा हात देण्याआधी खालचा वाळू द्यावा लागतो. तेव्हा पुढच्या वेळी काठी मोडली तर लगेच भंगारात टाकू नका. बहुतेक वेळा ती जोडता येते.